गांबात्ते आणि सासूबाईंचा खलबत्ता

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. फ्रीजरमध्ये मागे ढकललेल्या डब्यांसारखे ते आपोआप साठतात, आणि एक काढायला जावं तर त्याला चिकटून मागचे तीन बाहेर येतात. आमच्या 'बुधवारच्या इंग्लिश'चं तसंच आहे. मी एकच सांगायला बसते आणि चहा दोनदा गरम करावा लागतो.

हे अमेरिकेतल्या ॲन आर्बरमधलं, २००४-०५च्या हिवाळ्यातलं. नवरा, अभय, तिथे पीएचडी करत होता आणि मी त्याच्या व्हिसावर 'डिपेंडंट' होते. आमच्या फॅमिली हाउसिंगच्या कम्युनिटी रूममध्ये दर बुधवारी सकाळी ग्रेस नावाची एक रिटायर्ड लायब्ररियन आम्हा बायकांना इंग्लिश बोलायला शिकवायची. फुकट! वर स्वतः केलेल्या कुकीज आणायची. आम्हाला इंग्लिश येत नव्हतं असं नाही. पण सांगलीच्या कॉलेजातलं इंग्लिश आणि तिथल्या बस ड्रायव्हरचं इंग्लिश यांची ओळखच झालेली नव्हती.

त्या हिवाळ्यात मला दिवस होते. तिसऱ्यांदा. आधीची दोन्ही राहिली नव्हती. डॉक्टरीणबाईंनी ऑक्टोबरात पिशवीच्या तोंडाला टाका घातला आणि सांगितलं, "आता आडवं व्हायचं. बत्तीस आठवडे गाठलेस तर मी खूश, त्यापुढचा प्रत्येक दिवस बोनस." तेव्हा चौदावा चालू होता. म्हणजे अठरा आठवडे सोफ्यावर पडून छताकडे बघायचं!

मी क्लास सोडत असल्याचं कळवलं, तर ग्रेसनं फोनवरच निकाल लावला. "मुग्धा इंग्लिशकडे येऊ शकत नाही ना? मग इंग्लिश मुग्धाकडे येईल!"

पुढच्या बुधवारी अख्खा क्लास माझ्या सोफ्याभोवती कार्पेटवर बसला होता.

*

पहिल्याच बुधवारी ग्रेसनं नेहमीचा प्रश्न विचारला, दिवसभर काय करता? सगळ्यांनी सांगितलं. माझी पाळी आली. मी म्हटलं, "ऑल डे आय ॲम लाइंग."

ग्रेसनं चष्मा काढून पुसला. "डाउन, डिअर," ती हळूच म्हणाली. "लाइंग डाउन. नाहीतर तू दिवसभर खोटं बोलतेस असा अर्थ होतो."

वैशाली, माझी नागपूरची मैत्रीण, शेजारच्याच ब्लॉकमध्ये राहायची. ती म्हणाली, "मग बरोबरच आहे न! रोज फोनवर आईला 'मी मजेत आहे' म्हणून सांगते ही."

सगळ्या हसल्या. मीही हसले, आणि मग एकदम रडायलाच लागले. ग्रेसनं कुकीजचा डबा माझ्या पोटावर ठेवला आणि पुढचा प्रश्न विचारायला घेतला. त्या बाईचं हे मला फार आवडायचं. रडणाऱ्याकडे ती टक लावून बघत बसायची नाही.

*

नोव्हेंबरात सासूबाई आल्या. सांगलीहून, एकट्या, आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसून. एका कानानं त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे डेट्रॉइटच्या एअरपोर्टवर ऑफिसरनं विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना त्यांनी "येस" हे एकच उत्तर दिलं. बॅगेत मशीनला काहीतरी जड, गोल, पितळी दिसलं. ऑफिसरनं शालीच्या घड्या उलगडून ते बाहेर काढलं.

"व्हॉट इज धिस, मॅम?"

"येस," सासूबाई म्हणाल्या. मग त्याचा चेहरा बघून त्यांनी पर्समधून दोन वेलदोडे काढले, तिथेच काउंटरवर खलबत्त्यात घालून कुटले आणि त्याच्या नाकाखाली धरले.

"हुंगून जाऊ दिलंन मला," असं त्या अजून सांगतात.

*

डिसेंबरात क्लासमध्ये नवीन आली ती हारुको. तिचा नवरा केन्जी युनिव्हर्सिटीत अभयच्याच बिल्डिंगमध्ये पोस्टडॉक होता. बुटकी, बारीक, आणि बूट काढून ठेवताना ते दाराकडे तोंड करून नीट जोडणारी. सासूबाईंना ती बुटांवरूनच आवडली.

पहिल्या दिवशी निघताना तिला माझी हकिगत कळली. दारात उभी राहून तिनं दोन्ही मुठी छातीशी आवळल्या आणि सासूबाईंकडे बघत, मग माझ्याकडे बघत, अगदी जीव तोडून म्हणाली, "गांबात्ते! गांबात्ते, ने?"

सासूबाई माझ्याकडे वळल्या. "खलबत्ते? हिला खलबत्ता कशाला हवाय?"

"आई, ती काहीतरी वेगळंच..."

"अगं, मुठी बघ ना! कुटायचंच दाखवतेय. नेऊ दे बापडीला. परमुलखात मागायला किती जड जातं माणसाला!"

आणि ओट्यावरचा खलबत्ता उचलून त्यांनी तिच्या हातात दिला. हारुकोनं तो दोन्ही हातांनी घेतला, तीनदा वाकली, डोळ्यांत पाणी आणलं आणि गेली. मी सोफ्यावरून "अहो, अहो" करत राहिले. मला उठायची परवानगी नव्हती.

*

पुढच्या बुधवारी हारुको आली ती एक सुंदर कागदात बांधलेला स्पंज केक घेऊन. त्यांच्यात भेट मिळाली की परतभेट द्यावीच लागते. सासूबाईंनी केक घेतला, कौतुक केलं आणि तिच्या पिशवीत डोकावून पाहिलं.

"केक ठीक आहे," ती गेल्यावर त्या म्हणाल्या. "पण माझा खलबत्ता?"

मग ख्रिसमसची सुट्टी लागली. हारुको आणि केन्जी कुठेतरी फिरायला गेले. इकडे सासूबाई वेलदोडे लाटण्यानं ठेचत होत्या, आणि प्रत्येक ठोक्याबरोबर "पितळी होता हो" म्हणत होत्या. शेवटी जानेवारीत अभयनं बसस्टॉपवर केन्जीला गाठून, शंभर वेळा सॉरी म्हणत, काय झालं ते सांगितलं.

अर्ध्या तासात दोघं दारात! हारुकोचं कोटाचं बटण खालीवर लागलेलं, केस बर्फानं ओले, आणि छातीशी खलबत्ता. तो रिकामा नव्हता. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे त्यांच्यातही असतं. तिनं तो कुटलेल्या तिळांनी काठोकाठ भरून आणला होता.

काळ्या तिळांनी.

मी सासूबाईंकडे बघितलं. आमच्या घरात काळे तीळ फक्त श्राद्धाला निघतात. आणि इथे घरात गरोदर सून, सत्ताविसावा आठवडा, आधीची दोन गेलेली. त्यांचा हात क्षणभर हवेतच थांबला. हारुको त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होती, आता आणखी काय चुकलं म्हणून.

सासूबाईंनी कॅलेंडरकडे पाहिलं. "उद्या संक्रांत ना गं? संक्रांतीला काळं चालतं," त्या म्हणाल्या. चिमूटभर तीळ तोंडात टाकले आणि तिच्याही तोंडात टाकले. त्या क्षणी मला त्या बाईचा जो अभिमान वाटला तो मी त्यांना आजवर सांगितलेला नाही.

*

त्याच संध्याकाळी चहा पिताना अभयनं विचारलं, मग ते 'गांबात्ते' म्हणजे नेमकं काय?

केन्जी एकदम प्रोफेसर झाला. ग्रेसनं दिलेल्या व्याकरणाच्या कागदाची मागची बाजू त्यानं पुढे ओढली. मूळ शब्द गांबारु. 'गान' म्हणजे डोळा आणि 'हारु' म्हणजे ताणणं. डोळे ताणून पहारा करायचा, जागेवरून हलायचं नाही. त्यावरून आला.

"नो, नो!" हारुको म्हणाली. तिला तोपर्यंत आम्ही कुणी नवऱ्याला अडवताना पाहिलं नव्हतं. तिच्या शाळेतल्या बाईंनी शिकवलं होतं ते वेगळंच. 'गा' म्हणजे मी. 'मी'ला ताणायचं. मीच बरोबर म्हणून अडून बसायचं. आधी तो वाईट शब्द होता म्हणे, हेकट माणसाला लावायचा. मग हळूहळू चांगला झाला.

पंधरा मिनिटं दोघं जपानीत वाद घालत होती. शेवटी केन्जीनं मान्य केलं की डिक्शनरीवाल्यांचंही यावर एकमत नाही. परीक्षेला निघालेल्या पोराला, शर्यतीत धावणाऱ्याला, नवीन नोकरीवर रुजू होणाऱ्याला, कुणालाही गांबात्ते म्हणतात, एवढं मात्र दोघांना मान्य होतं.

सासूबाईंचं भलतीकडेच लक्ष. "हारु म्हणजे ताणणं? मग ही हारुको म्हणजे ताणणारी? असलं कसलं नाव ठेवलंय पोरीचं!"

अभयनं भाषांतर केलं. केन्जी घाईघाईनं म्हणाला, नाही नाही, तो हारु वेगळा. तिच्या नावातला हारु म्हणजे वसंत ऋतू.

"मग सरळ वासंती म्हणा ना!" सासूबाई म्हणाल्या. त्या दिवसापासून हारुको आमच्या घरात वासंती झाली.

आणि गांबात्तेचं मराठीही त्यांनीच करून टाकलं. माझ्या पोटाकडे बोट दाखवून म्हणाल्या, "म्हणजे 'तग धर' म्हणतात ना आपल्यात, तेच. डोळे ताणून धर, नाहीतर हेका करून धर. पण धर."

तेव्हापासून रोज सकाळी देवपूजा झाली की त्या ओल्या हातानं माझ्या पोटाजवळ यायच्या आणि बाळाला दटावायच्या, "गांबात्ते, बाळा. आजी सांगतेय. अजून पाच आठवडे जागचं हलायचं नाही."

*

हा शब्द सांगलीलाही पोचला. आमच्या बाबांशी फोनवर बोलताना लाइन नेहमी खरखरायची. त्यांनी विचारलं, "शेजारपाजार कसा आहे?" मी म्हटलं, "बाबा, एक जपानी मैत्रीण आहे. रोज येऊन 'गांबात्ते' म्हणते."

"काय म्हणते?"

"गां-बा-त्ते!"

बाबांनी फोन बाजूला धरला. आईला म्हणाले, "अगं, तिच्याकडे एक जपानी बाई येते आणि रोज 'गं भात दे, गं भात दे' म्हणते." आणि मग मला, अगदी कळवळून, "अगं मुग्धा, मग वाढ ना तिला! घरात तांदूळ आहेत ना?"

*

अठ्ठाविसाव्या आठवड्यात वैशालीची रोड टेस्ट होती. आधी दोनदा नापास झालेली. पार्किंग करताना ती गाडीशी बोलायची आणि एक्झामिनरला वाटायचं आपल्याशीच बोलतेय. हारुकोनं तिला सांगितलं, भीती वाटली की मनात गांबात्ते म्हण. वैशालीला मनात काही म्हणताच येत नाही.

थंडी अशी की खिडकीच्या आतून बर्फ धरलेलं. शेजारी एक अगडबंब एक्झामिनर, हातात क्लिपबोर्ड. वैशालीनं किल्लीला हात लावला, डोळे मिटले आणि पुटपुटायला लागली, "गांबात्ते, गांबात्ते..."

"गॉन बॅटरी?" एक्झामिनरनं विचारलं.

वैशाली इतकी घाबरली होती की म्हणाली, "येस सर."

तो उतरला. त्यानं हूड उघडलं. स्वतःचा ट्रक आणून समोर लावला, केबल जोडल्या, त्या थंडीत वीस मिनिटं खटपट केली आणि तिला ओरडून सांगितलं, "ट्राय नाऊ!" तिनं किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली. व्हायचीच होती, तिला काय झालं होतं?

तो माणूस स्वतःवर इतका खूश झाला की पुढची सगळी टेस्ट त्यानं तिला बॅटऱ्यांविषयीच सांगितलं. पास करून सही ठोकली, आणि जाताना बजावलं, "नवीन घाल हं. ही फार दिवस काढणार नाही."

"काय सांगू माय," वैशाली आम्हाला म्हणाली, "मला तर त्याचे पाय धरावे वाटले!"

*

ते लायसन्स आठच दिवसांनी कामाला आलं. एकोणतिसावा आठवडा, दुपारची वेळ, अभय लॅबमध्ये. पोटात कळ आली आणि मी उठून पाहिलं तर रक्त होतं.

वैशालीनं गाडी काढली. मागच्या सीटवर सासूबाईंच्या मांडीवर माझं डोकं. वैशाली स्टिअरिंग घट्ट धरून गाडीशी, सिग्नलशी, पुढच्या बसशी, सगळ्यांशी मोठमोठ्यानं बोलत होती. सासूबाईंचा एक हात सगळा वेळ माझ्या पोटावर होता.

हॉस्पिटलमध्ये कळा थांबवायची औषधं सुरू झाली, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं झाली. टाका अजून टिकून होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता इथेच राहायचं. एकेक दिवस मोजू."

मग भेटायला येणारा प्रत्येक जण मला तेच म्हणायला लागला. ग्रेसनं कार्डावर रंगीत पेननं लिहून आणलं, 'गांबात्ते!' वैशाली मुठी आवळून. अभय सकाळी-संध्याकाळी. केन्जीनं ते जपानी अक्षरांत काढून पाठवलेलं, तेही भिंतीवर लागलं. सगळे मायेनंच म्हणत होते हो. पण चौथ्या दिवशी माझं डोकं फिरलं. मी अभयवर ओरडले, "अजून किती तग धरू? मी काय दुसरं करतेय इथे? हललेसुद्धा नाहीये मी तीन महिने!" तो बिचारा कपभर सूप हातात धरून उभा.

आणि नेमकी दारात हारुको. मला वाटलं, आता हीसुद्धा मुठी आवळणार.

तिनं कोट काढला. बूट काढून भिंतीशी नीट जोडले. भिंतीवरचं कार्ड आणि केन्जीचा कागद, दोन्ही उतरवून घडी केली आणि पर्समध्ये टाकली. मग खुर्ची ओढून माझ्या पायाशी बसली आणि चादरीवरूनच माझे पाय दाबायला लागली.

बऱ्याच वेळानं आपल्या तुटक इंग्लिशमध्ये ती म्हणाली, "माझी आई खूप आजारी होती. सगळे म्हणायचे, गांबात्ते. मी पण. रोज. आईनं खूप गांबात्ते केलं. एक दिवस मला म्हणाली, हारु-चान, मी करतेच आहे गं. आता नको म्हणू." तिनं माझी चादर सारखी केली. "जो करतोच आहे, त्याला म्हणायचं नसतं. मला उशिरा कळलं. तू झोप, मुग्धा-सान."

मी झोपले. किती दिवसांनी ते सांगता येणार नाही. उठले तेव्हा ती तिथेच होती, आणि सासूबाई दुसऱ्या पायाशी.

*

बाळ एकतिसाव्या आठवड्यात आलं. आली. मुलगी. दीड किलोलाही कमी. डॉक्टरीणबाईंच्या बत्तिसाला सहा दिवस कमी पडले. रडण्याचा आवाज मी ऐकला न ऐकला तोच तिला घेऊन गेले. दोन दिवस श्वासाची नळी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ती काढली, आणि डॉक्टर म्हणाले की आता तिची ती श्वास घेतेय, आता काळजीचं तेवढं राहिलं नाही, फक्त वाढायचं काम उरलंय.

दुपारी मला व्हीलचेअरवरून तिच्याकडे नेलं. माझ्याबरोबर एका वेळी एकालाच आत सोडत. सासूबाई आणि हारुको दोघी आलेल्या. सासूबाई काचेपाशीच थांबल्या. "वासंतीला जाऊ दे आधी," त्या म्हणाल्या. "मला जरा लांबूनच बघू दे. धीर नाही होत गं."

हारुकोनं कोपरापर्यंत हात धुतले, पिवळा गाऊन घातला. तो तिला पार पायांपर्यंत आला. पेटीतली माझी लेक टोपी घालून, हाताची मूठ गालाला लावून झोपली होती. हारुको जवळ गेली. खूप वेळ नुसती बघत राहिली. मग दोन पावलं मागे सरली, हात मांड्यांशी सरळ धरले, आणि कमरेतून पार खाली वाकली.

"ओत्सुकारेसामा देश्ता," ती म्हणाली.

हा शब्द माझ्यासाठी नवीन होता. मी हळूच विचारलं, म्हणजे काय?

"ऑफिसमध्ये म्हणतो आम्ही," ती डोळे पुसत म्हणाली. "दिवसभर काम करून, दमून माणूस घरी जायला निघाला, की."

मी वळून काचेकडे पाहिलं, तर सासूबाई दिसेचनात. मग दिसल्या. पदर सावरून, गुडघा दुखत असताना, त्याही तिथे कॉरिडॉरमध्ये वाकल्या होत्या. सगळं आयुष्य देवापुढे आणि थोरांपुढे वाकलेली बाई, आपल्या तीन दिवसांच्या नातीपुढे.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "आई, हे काय?"

"वासंतीला वाकताना बघितलं ना," सासूबाई म्हणाल्या. "म्हटलं, कुणीतरी मोठं माणूस आलेलं दिसतंय!"